हळद्या, खुर्ची आणि कावळ्याचं पान

डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या सोफ्याच्या डाव्या हाताची अवस्था अशी होती: जमिनीपासून फूटभर वर पहिले धागे सुटलेले, तिथून वरच्या कडेपर्यंत कापडाची नुसती झालर आणि कोपऱ्यावर पिवळा फोम बाहेर डोकावणारा. उजवा हात मात्र कोरा करकरीत. गॅलरीच्या दाराशी सासऱ्यांची सागवानी आरामखुर्ची, तिच्या पाठीच्या वेताला मागच्या बाजूने मूठ जाईल एवढं भोक. दोन्ही उद्योग एकाच बोक्याचे. आणि इथेच आमची फसगत झाली. बोका एक, तर कारणही एकच असणार, असं आम्ही धरून चाललो.

आधी घराचं सांगते. ठाण्यात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल. मी, नवरा, सासूबाई आणि तेव्हा सहावीत असलेली मुलगी. जुलै २०२२ च्या पावसात पार्किंगमधल्या एका झाकलेल्या स्कूटरखाली दोनेक महिन्यांचं पिल्लू सापडलं. रंग हळदीचा, म्हणून हळद्या. पिवळ्या मांजरांत बोकेच जास्त निघतात, हाही निघाला. त्याच दिवाळीत आम्ही सोफा घेतला. जाडसर विणीचं, तागासारखं दिसणारं कापड, बोट फिरवलं तर धाग्यांचे बारीक फासे हाताला लागतात. मांजराच्या नखाला अडकायला याहून सोयीचं कापड शोधूनही मिळालं नसतं. पण सोफा घेताना आम्ही फक्त रंग बघितला. फेब्रुवारी २०२३ मध्ये हळद्याची नसबंदी झाली. तेव्हा सोफ्याच्या हातावर चारदोन धागे निघालेले होते. नसबंदीनंतर शांत होईल, असं सगळ्यांनी सांगितलं. तो शांत झाला, सोफ्याला काही फरक पडला नाही.

त्या वर्षभरात आम्ही काय काय केलं, ते लवकर उरकते, कारण त्यात सांगण्यासारखं यश नाही. इस्त्रीच्या फवारणीच्या बाटलीतून पाणी मारलं. आठवडाभरात हळद्या एवढंच शिकला, की बाटली माझ्या हातात असेल तेव्हा नखं घासायची नाहीत. मी अंघोळीला गेले, की कर्र कर्र सुरू. शिवाय मी जवळ गेले की पळायला लागला, ते वेगळं. सोफ्यावर चादर घातली, तर तो चादरीखाली शिरून घासायचा. बाजारातून नखं घासायचा एक तयार खांब आणला. दीड फूट उंच, गुलाबी मखमलीचा तळ, वर लोंबणारा चेंडू. हळद्याने पहिल्या दिवशी त्यावर पुढचे पाय टेकले, खांब कलंडला, आणि त्यानंतर त्याने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. खांब वर्षभर कोपऱ्यात होता. मुलीने त्यावर केसांचे रबर अडकवायला सुरुवात केली.

घरगुती उपायांत एक गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. सासूबाईंनी सोफ्याच्या फटीत कापूर ठेवला होता. शेजारच्या काकूंनी डांबरगोळ्या सुचवल्या. कुणी निलगिरीचं तेल शिंपडायला सांगितलं, कुणी फरशीला फिनाइल जास्त घालायला. लसीकरणाला गेलो असताना मी हे सहज बोलता बोलता डॉक्टरांच्या कानावर घातलं, तर त्या टेबलावरून उठल्याच. मांजराचं यकृत असले पदार्थ नीट निकामी करू शकत नाही. कापूर, डांबरगोळी, फिनाइल, निलगिरी किंवा टी ट्री तेल, यातलं काहीही पंजाला लागलं, की ते चाटून पोटात जातं आणि विषबाधा होते. त्या म्हणाल्या, "सोफा वाचवायला बोका घालवाल." घरी येऊन आधी कापूर देवघरात परत नेला.

नवऱ्याच्या न्यूजर्सीतल्या मावसभावाने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "नखंच काढून टाकायची ना?" त्याला वाटत होतं, नखं काढणं म्हणजे आपण नेलकटरने कापतो त्याचीच पुढची पायरी. प्रत्यक्षात नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं, म्हणून ते हाडच सांध्यापासून कापावं लागतं. पुढच्या दोन पायांची मिळून दहा पेरं. त्याच्या शेजारच्याच न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये यावर बंदी आणली, अमेरिकेतलं ते पहिलं राज्य. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याचा अवयव तोडणं हा क्रूरतेचाच प्रकार आहे. विषय तिथेच मिटला.

वही

नोव्हेंबर २०२३ मध्ये खुर्चीचा वेत फाटायला लागला, तेव्हा घरातलं वातावरण बदललं. सोफा हप्त्यावर घेतलेला, त्याचं दुःख फक्त आम्हा दोघांना. खुर्ची मात्र सासऱ्यांची. ते जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्या खुर्चीत कुणी पाय लांब करून बसत नाही. सासूबाई रागावल्या नाहीत, काही बोलल्याच नाहीत. ते जास्त जड गेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, दोन आठवडे काहीच करू नका, फक्त लिहा: कुठे, किती वाजता, त्याच्या आधी काय घडलं. मुलीने जुन्या वहीची मागची पानं घेतली आणि हॉलचा नकाशा काढला. सोफ्यावरच्या खुणा निळ्या पेनने, खुर्चीवरच्या लाल. चौदा दिवसांनी वही उघडून आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर बसलो.

निळ्या खुणा सगळ्या दिवसाच्या. सकाळी सव्वासहाला हळद्या सोफ्यावरून उठतो, पाठीची कमान करतो, खाली उतरतो आणि डाव्या हातावर ताणून उभा राहतो. दुपारी झोपून उठला की तेच. संध्याकाळी मुलगी शाळेतून आली, दारात चपला काढल्या, की धावत येऊन तिच्यासमोर तेच. लाल खुणांतली एकही दिवसाउजेडी नव्हती. रात्री दोन ते पहाटे पाचच्या दरम्यान, किंवा तिन्हीसांजेला. आणि सगळ्या खुर्चीच्या मागच्या अंगाला, म्हणजे गॅलरीच्या काचेकडे तोंड असलेल्या बाजूला.

शिवाय एक गोष्ट वहीत नव्हती, ती नवऱ्याच्या लक्षात आली. खुर्ची त्या जागी पहिल्यापासून होती. हळद्या सव्वा वर्ष तिच्याखालून जा-ये करत होता. तिला त्याने नखही लावलं नव्हतं. मग नोव्हेंबरमध्येच काय झालं?

त्याच पंधरवड्यात दोन गोष्टी घडल्या. मुलगी सोफ्याच्या कापडातून काहीतरी उपसून रडत माझ्याकडे आली, "हळद्याचं नख तुटलं!" तळहातावर चंद्रकोरीसारखं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पारदर्शक टरफल. ते नख नव्हतं, नखाची साल होती. मांजराचं नख थराथराने वाढतं, बाहेरचा जुना थर घासून काढला की आतला टोकदार नवा थर मोकळा होतो. शिवाय ताणून घासताना खांदे आणि पाठ मोकळी होते, आणि पंजाच्या गाद्यांमधल्या ग्रंथींचा वास तिथे उमटतो. तो वास आपल्याला येत नाही, दुसऱ्या मांजराला येतो. म्हणजे नखं परजणं ही खोड नाही, नित्यकर्म आहे. ते बंद करता येत नाही, फक्त त्याची जागा बदलता येते.

दुसरी गोष्ट अशी, की एका सकाळी खुर्चीच्या मागच्या पायावर उग्र दर्प आला. हळद्याने शेपूट ताठ करून लघवीचा फवारा मारला होता. नवऱ्याने घाईघाईत हाताशी होतं ते सॅनिटायझर ओतून पुसलं. पुसता पुसता लाकडावर पांढरट चट्टा उमटला आणि फडकं तपकिरी झालं. जुन्या फर्निचरचं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख, आणि सॅनिटायझरमध्येही अल्कोहोलच. चाळीस-पन्नास वर्षांचं पॉलिश अर्ध्या मिनिटात फडक्यावर उतरलं. बोक्याने केलं नव्हतं एवढं नुकसान आम्ही स्वतःच्या हाताने केलं, हे या प्रकरणात नोंदवायलाच हवं.

साक्षीदार

खसीकरण झालेला बोका फवारा मारतो तेव्हा तो कशाने तरी अस्वस्थ असतो, बाहेर दुसरं मांजर येतंय का बघा, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. मी स्पीकर चालू ठेवला होता. सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येतो ना, काळा. रोज पहाटे येतो."

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"कुणी विचारलं का मला?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. वहीचा नकाशा केला तो आम्ही तिघांनी, आणि रात्री झोप न येणारं घरातलं एकमेव माणूस त्यात धरलंच नाही.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्या गॅलरीखाली पार्किंगच्या शेडचे पत्रे आहेत, तिथून कठड्यावर यायला मांजराला एक उडी पुरते. २०२३ च्या पितृपक्षात, सासऱ्यांच्या तिथीला, सासूबाईंनी कठड्यावर कावळ्याचं पान ठेवलं. वडा, खीर, भात, सगळं. तास झाला, कावळा शिवेना. त्या हात जोडून दर्भ, पाणी, माफी, सगळं करून बघत होत्या. तेवढ्यात पत्र्यावरून एक काळा बोका आला आणि वडा घेऊन गेला.

"आता त्यांचं पान त्याने खाल्लं," त्या म्हणाल्या, "त्याला हाड हाड कसं करू सांग?"

तेव्हापासून त्या रोज रात्री झोपताना गॅलरीत वाटीभर दूधभात, बुधवारी-शुक्रवारी माशाची डोकी ठेवत होत्या. काळा पहाटे येऊन खायचा. काचेच्या आत, खुर्चीशेजारी, हळद्या. काचेमुळे दोघांना भांडता येत नव्हतं, पळून जाता येत नव्हतं. मग हळद्याने त्याच्या परीने हद्द आखली: काचेसमोरची सर्वांत मोठी, उभी, नखं रुततील अशी वस्तू निवडून तिच्यावर खुणा केल्या. ती वस्तू सासऱ्यांची खुर्ची निघाली. ज्यांच्या नावाने पान ठेवलं, त्यांचीच खुर्ची फाटत होती, हे सासूबाईंच्या मनात आधीच येऊन गेलं असणार. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

इलाज, दोन निरनिराळे

सोफ्याचं काम सुताराचं होतं. हळद्याला हवी होती झोपायच्या जागेजवळची, पूर्ण अंग ताणता येईल अशी उंच आणि अजिबात न हलणारी वस्तू. बाजारचा खांब या तिन्हींत नापास. आमच्या मिस्त्रींकडे दाराच्या चौकटीचा साडेतीन फुटी तुकडा पडला होता, चार बाय अडीच इंची. त्याला दोन बाय दोन फुटांचा १८ मिलिमीटर प्लायचा तळ, खालून चार मोठे स्क्रू, चारी बाजूंनी लोखंडी अँगल. तरी मिस्त्री समाधानी नव्हते. "ताई, वजन पाहिजे." माळ्यावर सासूबाईंचा मधोमध तडकलेला पाटा होता. तो तळावर चढला. त्यानंतर मी खांबाला धक्का दिला, तर मीच मागे सरकले.

वर गुंडाळायला काथ्याचा दोर घेतला, ८ मिलिमीटर जाडीचा. परदेशी खांबांना सिसल, म्हणजे घायपाताच्या जातीच्या तंतूंचा दोर असतो, पण आपल्याकडे काथ्या कुठल्याही दोरवाल्याकडे मिळतो आणि नखाला तेवढाच करकरीत लागतो. सुतळी घेऊ नये, ती लवकर पिंजते. दोर किती लागेल याचा हिशोब मुलीने केला: खांबाचा घेर १३ इंच म्हणजे ३३ सेंटिमीटर, गुंडाळायची उंची ९० सेंटिमीटर, म्हणजे ११२ वेढे, म्हणजे ३७ मीटर. आम्ही ४० आणला. गोंद फक्त दोन टोकांना, बाकी नुसता आवळून, प्रत्येक दहा वेढ्यांनंतर हातोडीने ठोकून खाली बसवत. काथ्याचा भुसा पडतो, रोज झाडावा लागतो, तेवढं सहन करायचं.

खांब ठेवायचा कुठे, यावर वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं गॅलरीच्या कोपऱ्यात, पाहुण्यांच्या नजरेआड. पण हळद्या झोपून उठतो सोफ्यावर, तो नखं घासायला गॅलरीपर्यंत चालत जाणार नाही. खांब सोफ्याच्या डाव्या हाताला चिकटून, वाटेत, सगळ्यांच्या पायात येईल असा उभा राहिला. सोफ्याच्या हातावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी रुंद टेप लावली. पंजाला चिकट लागलेलं मांजराला अजिबात खपत नाही. ही टेप खुर्चीला लावली नाही, पॉलिश सोलून निघालं असतं.

तरी पहिले दोन दिवस हळद्या खांबाकडे नुसता बघत बसला. तिसऱ्या दिवशी सासूबाई खाली फिरायला गेल्या आणि येताना कंपाउंडच्या भिंतीकडेचं एक रोप मुळासकट उपटून घेऊन आल्या. खोकली. आमच्या कोकणात हे रान म्हणून वाढतं, आणि त्याच्या मुळाने मांजर वेडं होतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. मुळी दगडाने ठेचून त्यांनी खांबाला चोळली. हळद्या आला, हुंगला, खांबाला गाल घासले, मग चारी पायांनी त्याला मिठी मारून लोळण घेतली आणि शेवटी उठून असा काही ओरबाडायला लागला, की भुसा हॉलभर. मी डॉक्टरांना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, खांबाला चोळायला हरकत नाही, पण मुळी खायला ठेवू नका, ठेचून उरलेलं उचलून टाका.

महिन्याभराने टेप काढली. खांब दर दोन दिवसांनी चार बोटं सरकवत आता भिंतीला टेकला आहे. नखांची टोकं दर पंधरा दिवसांनी कापतो: गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं, पारदर्शक टोक तेवढं कापायचं, गुलाबी भागाला हात लावायचा नाही, तिथे रक्तवाहिनी असते. सुरुवातीला एका बैठकीत दोनच नखं व्हायची. आता पुढची दहाही एका दमात होतात.

खुर्चीचं काम सुताराचं नव्हतं. तिथे आणखी एक खांब ठेवून भागलं नसतं, कारण काळा दिसत राहिला असता. आणि काळ्याला हाकलणं सासूबाईंना मान्य नव्हतं. शेवटी वाटी हलवली. पार्किंगच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या पंपाच्या खोलीपाशी, आमच्या काचेतून न दिसणाऱ्या जागी. सासूबाई संध्याकाळी फिरायला जाताना डबा घेऊन जातात, म्हणजे जेवण पहाटेऐवजी दिवेलागणीला होतं. काचेच्या खालच्या दोन फुटांना दुधी रंगाची फिल्म चिकटवली. वाटी हलवणं आणि फिल्म लावणं एकाच आठवड्यात झालं, त्यामुळे नक्की कशाने गुण आला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकेक करायला हवं होतं. पण खुर्ची फाटत असताना एवढा संयम कुणात नव्हता.

खुर्ची आठ आठवडे सासूबाईंच्या खोलीत, दार लोटून. दर्पाची जागा एन्झाइमच्या क्लीनरने, आधी पायाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघून मगच पुसली. अमोनिया असलेलं काही वापरायचं नाही, त्याचा वास मांजराला लघवीसारखाच लागतो आणि ते पुन्हा तिथेच येतं. वेत विणायला ठाण्यातले एक वयस्कर कारागीर आले. त्यांना दिसत नाही. वेत विणण्याचं काम अंधशाळांतून पूर्वीपासून शिकवलं जातं. त्यांनी भोकावरून बोटं फिरवली आणि विचारलं, "मांजर का?" कसं कळलं म्हटलं, तर म्हणाले, उंदीर कुरतडतो तेव्हा कडा गोल असते, ही चिरत गेलेली आहे. बादलीत भिजवलेला वेत, आधी उभे पदर, मग आडवे, मग तिरके. दोन दिवस लागले. वेत वाळला तेव्हा पाठ ढोलाच्या कातड्यासारखी ताणली गेली. पॉलिशवाल्याने मलमलच्या फडक्यात कापूस गुंडाळून लाखेचे हात दिले. चट्टा गेला, पण तो पाय बाकी तिघांपेक्षा किंचित लाल दिसतो.

सोफ्याच्या दोन्ही हातांना नवं कापड लावलं. तेच कापड मिळालं नाही, म्हणून मखमलीसारखं, घट्ट विणीचं, गडद निळं घेतलं. त्यात नख अडकत नाही, घसरतं. पाहुण्यांना वाटतं मुद्दाम केलेली डिझाइन आहे.

मार्च २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात खुर्ची दाराशी परत आली, पण उलट्या तोंडाने, पाठ भिंतीकडे. एकदा घसरण झाली. शिमग्याला आम्ही पाच दिवस गावी गेलो, हळद्याला शेजारच्या काकू जेवण घालत होत्या, आणि हवा यावी म्हणून त्यांनी गॅलरीचं सरकतं दार जाळीवर ठेवलं. परतलो तर खुर्चीच्या मागच्या पायावर चार उभे ओरखडे, वेत शाबूत. जाळीतून काळ्याचा वास थेट आत येत होता. त्यानंतर गावी जाताना खुर्ची आधी आत जाते, मग बॅगा भरल्या जातात.

काळ्याची नसबंदी करायची म्हणून आम्ही दोनदा पिंजरा लावून बघितला. पहिल्या वेळी त्यात शेजारच्यांची मनी सापडली. दुसऱ्या वेळी कुणीच नाही, आतली माशाची डोकी मात्र साफ. सासूबाईंना त्याचं वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

यंदा काथ्या खालच्या बाजूला पिंजला आहे. मिस्त्रींना पुन्हा ४० मीटर आणायला सांगितलाय. आणि पितृपक्षात पान आता कठड्यावर नाही, गच्चीवर ठेवतात. सासूबाई गुडघ्यांची कुरकुर करत सहा मजले लिफ्टने आणि वरचा एक जिना चढून जातात.